एकशे बावीस सूर

भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला. लाकडाचा वेगळा, पितळेचा वेगळा. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या सल्लागार मंडळाच्या, बैठकीत तो आकडा वाचला गेला, तेव्हा चर्चच्या इतिहासाची पुस्तिका कुठवर आली ते सांगायला मी तिथे बसले होते. कॉयर, म्हणजे गाणारी मंडळी, बसते त्या माळ्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या पोटात, नाताळच्या गव्हाणीतले मेंढपाळांचे पुतळे आणि मोडक्या खुर्च्या यांच्यामागे एक जुनी पायपेटी पडून होती आणि नव्या साउंड सिस्टीमच्या कपाटाला ती जागा हवी होती. मी हात वर केला. "ईस्टरपर्यंत थांबा. तोवर वाजली नाही तर मीच भंगारवाल्याला फोन करीन." फादर म्हणाले, "चालेल. पण चर्चच्या खात्यातून पैसे मिळायचे नाहीत, ताई." नोव्हेंबर चालू होता.

चौदा वर्षं मी आमच्या कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवते आहे. त्या पेटीवर मी लहानपणापासून चपला काढून ठेवत आले. ती उघडून पाहावी असं एकदाही वाटलं नाही, याचं मला बैठकीत बसल्या बसल्या फार वाईट वाटलं.

पुस्तिकेसाठी मी दोन महिने सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे चर्चचं सामान ठेवायच्या खोलीतल्या, नोंदवह्या चाळत होते. आमचं चर्च नाशिकरोडच्या बाजूला आहे, लहानसं, कौलं जाऊन पत्रे आलेलं. स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, जुनी वही लॅटिनमध्ये आहे. बाळाचं नाव, आईबाप, धर्ममाता-धर्मपिता, धर्मगुरूची सही. त्यात बापाच्या व्यवसायाचा एक रकाना आहे आणि खरं सांगायचं तर सगळा इतिहास त्या एका रकान्यात मावलेला आहे. सुरुवातीची पानं फायरमन, गार्ड, सोल्जर, कुक अशी. थळ घाट चढून रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीला आली, देवळालीला छावणी होती, आणि त्या लोकांना रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, हवी होती. मग हळूहळू गोव्याची आडनावं दिसू लागतात. १९२८ मध्ये नाशिकरोडला नोटा छापणं सुरू झालं, त्यानंतर 'प्रेस' हा शब्द रकान्यात येतो आणि पुढे येतच राहतो. त्याच पानांवर नगरकडची नावं भेटतात: संगमनेर, राहाता, राहुरी. हे आमचे लोक. माझे आजोबा त्यांच्यातले. मिशनच्या शाळेत मास्तर होते, म्हणजे शिकवायचेही आणि फादर येत नसतील त्या रविवारी प्रार्थनाही चालवायचे.

पुणे धर्मप्रांत १८८६ साली झाला, पहिले बिशप जर्मन जेझुइट बायडर-लिंडेन. नाशिक तेव्हा पुण्याकडेच होतं. १९८७ साली नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. हे सगळं मी पुस्तिकेत नीट लिहिलं होतं. वेदी लोकांच्या बाजूला कधी फिरवली, घंटा कुणी दिली, तेही लिहिलं. पण ज्या माळ्यावर उभी राहून मी दर रविवारी गाते, तिथे आधी कोण काय गात होतं, याबद्दल वहीत एक ओळ नाही. गाण्याची नोंद कोण ठेवणार?

पेटी बाहेर ओढायला चौघं लागले. धूळ पुसल्यावर पट्ट्यांच्या वर सोनेरी अक्षरं निघाली: एस्टी, ब्रॅटलबरो, व्हर्माँट. मुलांना आधी एसटीच वाटली. हा अमेरिकेतला कारखाना १९६० साली बंद पडला, तोवर त्यांनी पाच लाखांहून जास्त अशा पेट्या केल्या होत्या. जगभरच्या मिशनऱ्यांनी त्या बोटीने नेल्या, कारण पाइप ऑर्गन नेणं कुणाच्या खिशाला आणि कुठल्याच बैलगाडीला झेपणारं नव्हतं. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. आम्हा लहान गावांतल्या चर्चना मात्र ऑर्गन म्हणजे हीच, पायाने भाता मारायची पितळी सुरांची पेटी. सूर म्हणजे इथे पितळेची चौकट आणि तिच्यात हवेने थरथरणारी पातळ जीभ.

वाजवून पाहिली. पाय मारले तर आतून धापा टाकल्यासारखा आवाज आला, सूर एकही नाही.

पंचवटीत एक पेटीवाले काका आहेत. सत्तरी उलटलेली, भजनी मंडळांच्या आणि कीर्तनकारांच्या पेट्या नीट करण्यात आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "ताई, आमचे गुरुजी सांगायचे, बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन असायचा, असा भरीव की नाटकगृह भरून जायचं. पण मी आजवर एकही उघडलेला नाही. चूक झाली तर?" मी म्हटलं, "नाहीतरी किलोवरच जाणार आहे, काका." त्यावर ते एकदम उठले आणि चपला घालू लागले.

आल्या आल्या त्यांनी मागची फळी काढली, खिशातल्या तिकिटाची एक पातळ पट्टी फाडली आणि एका सुराच्या घराच्या तोंडाशी धरली. मला त्या सुराची वाजवायची पट्टी दाबायला सांगितली, स्वतः हाताने पायटा, म्हणजे पायाने मारायची फळी, खाली दाबला. कागद आत ओढला गेला. काका कितीतरी वेळ तो कागद बघत राहिले. "बघा. आपली हातपेटी श्वास सोडते. भाता दाबला की हवा सुरातून बाहेर. ही आत ओढते. म्हणून हिचा आवाज असा मऊ, आतून आल्यासारखा." १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं ती हवा बाहेर फेकणारी जात, आणि पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातपेटी घडवली तीही त्याच जातीची. अमेरिकेतल्या कारागिरांनी भाता उलटा केला. खाली दोन पायटे, ते मोठ्या भात्यातली हवा उपसून काढतात. आतल्या स्प्रिंगा तो भाता पुन्हा उघडायला बघतात, आणि ती ओढ भागवायला हवा सुरांमधून आत शिरते. हे एकदा डोक्यात बसलं की दुरुस्तीची दिशा आपोआप कळते: कुठेही फट असेल तर पेटी सुराऐवजी फटीतून श्वास घेणार.

फटी म्हणाल तर सगळीकडे. भात्याचं कापड घडीघडीला फाटलेलं, उंदरांनी फेल्ट नेऊन घरटं केलेलं, आणि मधल्या फळीला एक लांब चीर. थंड हवेच्या मुलखात बनलेलं लाकूड आमच्याकडे पावसाळ्यात फुगतं आणि एप्रिलमध्ये तडकतं. त्यात कुणीतरी कधीतरी ती चीर सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने भरली होती. काकांना सगळ्यात राग त्याचा आला. सरसाने चिकटवलेली वस्तू वाफेने, गरम पाण्याच्या फडक्याने उघडते. पुढच्या कारागिराला वाट ठेवलेली असते. पांढरा गोंद लाकडाच्या रेषांत शिरून बसतो. ती एक चीर खरवडायला तीन संध्याकाळ गेल्या.

सूर काढायचं काम माझ्याकडे आलं. एकसष्ट पट्ट्या, दोन रांगा, म्हणजे १२२ सूर. प्रत्येक सूर आपापल्या खाचेत घट्ट सरकवलेला असतो, त्याच्या मागच्या टोकाला बारीक खोबण असते, तिथे आकडा अडकवून सरळ ओढायचा. जरा तिरका ओढला की जीभ वाकली. सूर हरवू नयेत, क्रम चुकू नये म्हणून मी अंड्यांचे ट्रे आणले, तीस घरांचे चार. त्यात १२० बसले. राहिलेले दोन स्टीलच्या वाटीत ठेवले आणि वाटीवर ताटली झाकून ती देव्हाऱ्यात, जपमाळेशेजारी. घरी मुलांना त्या खोलीत महिनाभर बंदी होती.

पितळ काळंहिरवं पडलेलं. आमच्या मावशी म्हणाल्या, चिंच लावून घास की, आरशासारखं होईल. काकांना फोनवर सांगितलं तर ते अक्षरशः ओरडले. सुराची जीभ केसाएवढी जरी झिजली तरी सूर हलतो. टोकाशी घासली तर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. ट्यूनिंग करतात ते असंच. चिंच सगळीकडूनच खाणार. म्हणून कोरडा मऊ ब्रश, आणि जिभेखाली सरकवायला वहीच्या कागदाची पट्टी, बस. एकेका सुराला पाच-सात मिनिटं. डिसेंबरच्या रात्री मी हेच केलं. नाताळच्या करंज्या कॉयरच्या पोरींनी केल्या आणि विकल्या, त्या पैशातून भात्याचं कापड आलं.

पहिलं कापड वाया गेलं. दुकानदाराने रबरी म्हणून दिलं, दिसायलाही तसंच, पण घडीवर महिनाभरात पापुद्रे सुटले. चिकटवलेलं सगळं पुन्हा सोडवावं लागलं, आणि तेव्हा सरसाची किंमत मला कळली: गरम फडकं ठेवलं, कापड अलगद निघालं. दुसरं मुंबईहून मागवलं. झडपांना मेंढीचं पातळ कातडं, ते काकांकडेच होतं.

भाता पूर्ण उकलला तेव्हा आतल्या फळीवर पेन्सिलीची अक्षरं दिसली. मोडी. काका म्हणाले, हिशेबाची असतील. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना मोडी येते; त्यांना फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ओळ एवढीच होती: भाता नवा घातला, कातडे येथील, नाताळ, १९३... शेवटचा आकडा कसरीने खाल्लेला. नाव होतं तिथे फक्त 'सुतार' एवढं उरलं होतं.

मी दोन महिने वह्या चाळल्या होत्या. लॅटिनमधली शेकडो नावं वाचली, प्रत्येकाखाली फादरची सही. आणि इथे एक माणूस, ख्रिस्ती होता की नव्हता ते माहीत नाही, शंभरेक वर्षांपूर्वी या पेटीसमोर काकांसारखाच मांडी घालून बसला होता, जिथे कुणी बघणार नाही तिथे मोडीत आपलं काम लिहून गेला होता. पुस्तिकेतलं 'चर्चची साधनसामग्री' हे अर्धं पान मी त्या रात्री काढून टाकलं आणि नव्याने लिहायला घेतलं.

मग मी पेटीकडे वहीसारखीच बघू लागले. पट्ट्या धुऊन पुसल्या तेव्हा लक्षात आलं की पांढऱ्या पट्ट्या मधल्या दोन सप्तकांत खोलगट झाल्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या. ते अपेक्षितच होतं. पण काळ्या पट्ट्याही झिजलेल्या होत्या, आणि सगळ्या सारख्या नाहीत. काळी एक आणि काळी चार, म्हणजे सप्तकातली पहिली आणि चौथी काळी पट्टी, यांच्या कडेचा काळा रंग पार उडून आतलं लाकूड दिसत होतं. काळी तीन जवळजवळ नवी. काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "इथे भजन झालंय ताई. काळी एक पुरुषांची, काळी चार बायकांची. नोटेशन बघून वाजवणारा माणूस या पट्ट्या अशा झिजवत नाही."

मी आमच्या पॅरिशमधल्या सगळ्यात वयस्कर मावशींकडे गेले. पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सांगितलं ते असं: त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये, फादरची पाठ लोकांकडे. माळ्यावर चार गोवेकर आणि एक अँग्लो-इंडियन बाई गायच्या, ऑर्गन वाजायचा, खाली सगळे मनातल्या मनात जपमाळ म्हणायचे. मराठी गाणी होती, पण ती संध्याकाळी, घरी, वस्तीत, टाळ-झांजेवर. रेव्हरंड टिळकांची भजनंही म्हणायचो, म्हणाल्या, ती प्रोटेस्टंट म्हणून कुणी आवर्जून सांगितलं नव्हतं. "मग एकदा मिस्सा मराठीत झाली. त्या दिवशी मास्तर माळ्यावर गेले आणि ऑर्गनवर आपलं गाणं धरलं. मागच्या बाकावरचे पुरुष, जे कधी तोंड उघडत नव्हते, ते मोठ्याने गायला लागले. आम्ही बायकांनी म्हटलं, मास्तर, वर घ्या, खाली लागत नाही. त्यांनी वर घेतलं."

मास्तर म्हणजे कोण ते मी विचारलं नाही. नोंदवही बघितली तर त्या काळात या चर्चला लागोपाठ तीन मास्तर होते. माझे आजोबा त्यातले एक. त्यातल्या कुणाच्या बोटांनी काळी चार झिजली ते मला ठरवायचं नाही.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३चा. त्यातला ११९वा परिच्छेद सांगतो की मिशनच्या मुलखांत लोकांचं स्वतःचं संगीत आहे, त्याला मान द्या. १२०वा सांगतो की पाइप ऑर्गनला लॅटिन चर्चमध्ये मानाचं स्थान असू द्या, आणि योग्य अशी इतर वाद्यंही चालतील. दोन्ही परिच्छेद एकाखाली एक आहेत. आमच्याकडे पुढच्या काळात तबला आला, हातपेटी आली, ते योग्यच झालं. पण पायपेटी परकी ठरवून जिन्याखाली गेली, हे मला पटत नाही. ज्या वाद्याच्या काळ्या पट्ट्या मराठी गाण्याने झिजल्या ते परकं कसं? नंतर कीबोर्ड आला, तो मीच आणला. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, लाइट असेपर्यंत तो उत्तम चालतो.

फेब्रुवारीत भाता बसला. परीक्षा सोपी: सगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवून पाय मारायचे, भाता पूर्ण ओढून घ्यायचा आणि मोजायचं. पहिल्या दिवशी चार अंकांत भाता उघडला होता. आता मी पस्तीसपर्यंत मोजलं आणि थांबले, कारण काका डोळे मिटून बसले होते आणि मला रडू येत होतं.

दोन सुरांच्या जिभा तुटलेल्या होत्या. हातपेटीचे सूर गुजरातमधल्या पालिताण्याहून येतात. काकांनी त्यातल्या एका खर्ज सुराची पट्टी कापून, घासून, जुन्या चौकटीत रिव्हेट केली. दुसरी तीनदा फसली, चौथ्यांदा बोलली. मग प्रश्न आला ट्यूनिंगचा. पेटीचा सूर आजच्या मापापेक्षा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांपेक्षा, उतरलेला, ४३५च्या आसपास. ४३५ हे फ्रान्सने १८५९ साली ठरवलेलं माप, बरीच वर्षं युरोपात तेच चालायचं. कॉयरमधल्या एका मुलाचं म्हणणं पडलं की सगळे सूर चढवून घ्या, कीबोर्डबरोबर जमेल. १२२ जिभा टोकाशी घासायच्या! काकांनी नकार दिला, आणि मीही. शेवटी कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये जाऊन तोच वीस सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या भागाने, उतरवला. दोन मिनिटांचं काम.

व्हॉक्स ह्युमाना नावाचा एक स्टॉप आहे, म्हणजे माणसाचा आवाज. तो ओढला की सुरांच्या वर एक छोटी फिरकी हवेवर फिरू लागते आणि आवाज थरथरतो. फिरकी बाभळीच्या शेंगेसारखी वाळून वाकली होती. ती तेवढी आम्ही बसवली नाही. नवी करून घालता आली असती, पण काका म्हणाले आधी ही एक पावसाळा काढू दे.

मिस्सेत पहिल्यांदा कधी वाजवायची यावर माझ्या मनात शंका नव्हती. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतो. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत गौरवगीताला, म्हणजे 'ग्लोरिया'ला, घंटा वाजतात आणि मग थेट पास्काच्या जागरणातल्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, गौरवगीतापर्यंत घंटा मुक्या. ऑर्गनही स्वतःहून काही वाजवत नाही. म्हणून पेटी गुरुवारी वर चढवली, भिंतीला लावली आणि तिच्यावर पांढरा कपडा टाकला. शुक्रवारी आम्ही वाद्याशिवाय गायलो.

शनिवारी रात्री अंगणात अग्नी पेटला, मेणबत्त्या आत आल्या, वाचनं झाली. काका पंचवटीहून रिक्षाने आले होते. माळ्याच्या जिन्यावर, पेटीच्या अगदी मागे बसले, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. गौरवगीताची वेळ झाली, दिवे लागले, खाली पोरांनी घंटा हलवल्या आणि मी पाय मारले. काळी एक. मागच्या बाकांवरून पुरुषांचा आवाज वर आला. कीबोर्डच्या स्पीकरमधून असा आवाज लोकांच्या आवाजाखाली जाऊन बसत नाही, हा बसला. त्या वयस्कर मावशी पहिल्या बाकाशेजारी खुर्चीत होत्या, त्यांनी मान वळवून वर पाहिलं.

गीत संपलं. मी हात उचलले तरी खर्जातला एक सूर वाजतच राहिला, अडकलेली पट्टी, फादर पुढच्या प्रार्थनेसाठी हात पसरून थांबलेले. काकांनी मागून हात घातला आणि बोटाने एकदा टिचकी मारली. सूर बंद झाला. फादरनी प्रार्थना सुरू केली. काकांनी हात तिथेच, फळीवर, मिस्सा संपेपर्यंत ठेवला.